पायाळूची नात

उदगीरला देगलूर रस्त्यावर उमाकांत कोनाळेचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दुकानापुढच्या बाकड्यावर दोन तऱ्हेची माणसं बसलेली असायची. काहींच्या विहिरीवरच्या मोटारी जळलेल्या असायच्या, तर काहींच्या कंबरेत उसण भरलेली असायची. मोटारीला वेळ लागे. उसणवाल्याला मात्र उमाकांत तिथंच पालथं झोपवायचा, डाव्या पायाची टाच त्याच्या कंबरेला तीनदा लावायचा आणि म्हणायचा, "उठा आता. चहाचं तुम्हीच सांगा."

उमाकांत पायाळू होता. आईच्या पोटातून जगात येताना त्यानं आधी पाय बाहेर काढले होते, डोकं मागाहून. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलं. त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं असंही म्हणतात, पण उमाकांतला जळक्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेपलीकडे धन कधी दिसलं नाही. तिसरी समजूत मात्र वाईट होती. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. आभाळ गडगडलं की त्याची माय त्याला ओढत आत न्यायची, धान्याच्या कणगीआड बसवायची आणि सांगायची, "कान झाकून घे. वीज तुझं नाव पुकारती. ऐकू गेलं तर ओ द्यावी लागंल." साठी उलटली तरी ती सवय सुटली नव्हती. ढग वाजले की उमाकांतचे दोन्ही हात आपोआप कानांवर जायचे.

त्याच्या पायाची चलती अलीकडे फार वाढली होती, कारण नवे पायाळू जन्मालाच येत नव्हते. आधी सिझेरियननं त्यांची संख्या कमी केली, आणि मग आला पट्टा.

पट्ट्याची हकिगत अशी. आपल्या कानात, ऐकण्याच्या शंखाला अगदी लागून, तोल सांभाळणारं एक इवलंसं यंत्र असतं. त्यात केसांसारख्या पेशींवर चुन्याचे बारीक कण बसलेले असतात. डोकं कललं की कण सरकतात, केस वाकतात आणि वर कुठं, खाली कुठं हे मेंदूला कळतं. पोटातल्या बाळाचंही हे यंत्र शेवटच्या महिन्यांत चालू झालेलं असतं. अंतराळवीरांना चक्कर का येते याचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधक बाईंच्या लक्षात आलं, की आईच्या ओटीपोटातून ठरावीक लयीची मंद थरथर आत सोडली, तर आपण भलतीकडे कललो आहोत असा बाळाला भास होतो. ते सावरू बघतं, पाय झाडतं, आणि झाडता झाडता वळून डोकं खाली घेतं. पट्टा बाळाला ढकलत नाही, नुसती हाक मारतो. आईनं तो काही रात्री कंबरेला बांधून झोपायचं. बाळाचं डोकं खाली आलं की त्यावर हिरवा दिवा लागतो आणि तशी नोंद आपसूक सरकारी आरोग्य खात्यात जाते. दहांतली नऊ बाळं वळायची. बायांची पोटं फाडायची वाचली, आणि डॉक्टरांनी पट्ट्याला दुवा दिला.

पण काही बाळं वळत नसत. कुणाची नाळ आखूड, कुणाभोवती पाणी कमी, कुणी नुसतंच हट्टी. आणि त्यांतल्याच थोड्या बाळांना हाक पोचतच नव्हती, कारण कानाचं यंत्रच जन्मतः अधू होतं. तोलाचा आणि ऐकण्याचा असा दोन्ही कारभार एकाच घरात चालत असल्यामुळे ही बाळं बहुधा बहिरीही निघत. त्यावर औषध सापडलं होतं. वर्षाच्या आत कानात सोडलं तर बंद पडलेल्या पेशी जाग्या व्हायच्या. वर्ष उलटलं की औषध दिलं तरी उपयोग नसायचा, कारण तोवर मेंदूनं ऐकण्याची जागा दुसऱ्याच कामाला देऊन टाकलेली असायची. म्हणून न वळलेल्या बाळाचे कान जन्मल्याबरोबर तपासायचे, असा नियम झाला. वळलेल्या बाळाचे तपासायचे नाहीत, असाही झाला. ज्यानं हाक ऐकली, त्याच्या कानाची पुन्हा परीक्षा कशाला?

अशा रीतीनं बाळ वळवायला केलेल्या पट्ट्याची चाळणी झाली. चाळणी काही वाईट नव्हती. पण चाळणीत वर काय उरलं, याचीच लोकांना भारी हौस. 'न वळलेलं' हा शब्द सोयरिकीच्या बैठकीपर्यंत पोचला. मुलगी बघायला आलेली माणसं पूर्वी शिक्षण विचारायची, आता हळूच विचारू लागली, "पोटात वळली होती ना?"

उमाकांतची लेक ईश्वरी पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली, तेव्हा बाळ पोटात ताठ बसलेलं होतं, डोकं वर आणि कुल्ले खाली. पट्टा बांधून झाला, आठवडा गेला, दिवा काही हिरवा झाला नाही. आणखी आठवडा गेला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं शांतपणे समजावलं, की घाबरण्यासारखं काही नाही, ठरल्या दिवशी सिझेरियन करू, बाळाचे कान तपासू, बहुतेक चांगलेच असतील आणि नसलेच तर औषध आहे. यापेक्षा सरळ सल्ला असू शकत नव्हता. ईश्वरीला तो पटला. आईनं, सुरेखानं, देवाला नारळ बोलला.

मग पुण्याहून विहीणबाईंचा, शार्दूल जावयाच्या आईचा, फोन आला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी आधी ईश्वरीच्या पायांची सूज विचारली, खाण्यापिण्याचं विचारलं आणि मग म्हणाल्या, की आमच्याकडे दोन्ही बाजूंना असं कुणी नाही, शार्दूलच्या धाकट्या बहिणीचं यंदा बघायचंय, घरात न वळलेलं बाळ आलं की पुढची माणसं चार प्रश्न विचारणारच. शेवटी त्या अगदी साधेपणानं बोलल्या, "तुझ्या वडिलांकडून आलं असेल गं हे. ते पायाळू ना?" फोन स्पीकरवर होता. उमाकांत समोर बसून शेंगा सोलत होता. त्यानं सोललेले दाणे आणि टरफलं एकत्र करून टाकली, आणि पुन्हा निवडत बसला.

त्याला स्वतःचं आठवलं. शाळेत पोरं त्याला 'वीजपाड्या' म्हणायची, पावसाळ्यात त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही. लग्नासाठी सात मुली बघितल्या. सातही बापांनी चहा-पोहे चांगले केले आणि नंतर निरोप पाठवला, की पोरगा चांगला आहे, पण आमच्या घरावर वीज नको. आठवी सुरेखा. तिचे वडील हसून म्हणाले होते, "आमचं घरच पत्र्याचं, पडायची ती पडंलच." म्हणून त्याचा संसार झाला. माणसाला आयुष्यभर चिकटलेली गोष्ट आपल्यापाशी संपावी असं वाटतं. ती नातवंडापर्यंत जाणार, आणि तीही आपल्याकडून, हे उमाकांतला सोसलं नाही.

तो डॉ. बिडवे मॅडमकडे गेला. सत्तरी ओलांडलेल्या मॅडम आता एका शिष्येच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा बसायच्या. आडवं, उभं, कसंही असलेलं बाळ आईच्या पोटावरून हातानं फिरवणारी तालुक्यातली ही शेवटची बाई. पट्टा आल्यापासून ते कसब शिकायला कुणी पोर पुढं आली नव्हती. उमाकांतशी त्यांची ओळख उसणीची. वर्षातून एखाद वेळी त्या मागच्या दारानं त्याच्याकडे यायच्या आणि पालथं पडत म्हणायच्या, "माझं शिक्षण ठेव बाजूला, आधी पाय लाव."

मॅडमनी ईश्वरीला तपासलं. नाळ, पाणी, बाळाचे ठोके, सगळं बघितलं आणि तिच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. आहे तसं ठेवून सिझेरियन करायचं, त्यात कमीपणा काही नाही. बाळ पायाकडूनच नैसर्गिक येऊ द्यायचं, पण तसं बाळंतपण करणारे हात आता उरले नाहीत आणि माझे थरथरतात, म्हणून ती वाट मी सांगणार नाही. तिसरी, हातानं फिरवून बघायचं. फिरलं तर फिरलं. ठोके बिघडले तर लगेच ऑपरेशन, त्याची तयारी ठेवूनच हात लावायचा.

"आणि पट्टा काढून ये," त्या ईश्वरीला म्हणाल्या. "हातानं फिरवलेलं लेकरू पट्ट्याच्या नावावर टाकायचं नाही. मी हातानं वळवलं म्हणजे त्यानं हाक ऐकली असं होत नाही. जन्मल्यावर कान तपासून घ्यायचे. ध्यानात राहील?"

ईश्वरीनं मान डोलावली. उमाकांतनंही डोलावली.

फिरवायच्या दिवशी सुरेखा बाहेर बाकावर डोळे मिटून बसली. शार्दूल पुण्याहून निघाला होता, वाटेत होता. आत मॅडमनी गर्भाशय सैल पडायची सुई दिली, पोटाला तेल लावलं आणि एका हातानं बाळाचे कुल्ले वर उचलत दुसऱ्या हातानं डोकं हळूहळू खाली आणलं. ईश्वरीनं ओठ चावले, ओरडली नाही. पडद्यावर बाळाचे ठोके मध्येच संथ झाले, मॅडम थांबल्या, ठोके सावरले, मॅडमनी पुन्हा हात लावला. आणि पोट सगळ्यांच्या देखत एका बाजूला कलंडून सरळ झालं. मॅडमनी कपाळ पुसलं, उमाकांतला आत बोलावून पडद्यावर डोकं दाखवलं. गोल, खाली, जिथं असायला पाहिजे तिथं. मग त्या ऑपरेशनची तयारी मोडायला सांगायला आणि हात धुवायला बाहेर गेल्या. नर्सही त्यांच्यामागोमाग गेली.

खोलीत बापलेक उरले. ईश्वरीच्या पिशवीत पट्टा होता. घरून निघताना तो पिशवीत कुणी टाकला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"अप्पा, नको," ईश्वरी म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमचं खोटं नाही गं. पण लेकराचं सगळं चांगलं आहे. डॉक्टरच म्हणाले ना, बहुतेकांचे चांगलेच असतेत. मग नुसत्या नावाला डाग कशाला? मी सोसलोय ते. तुला काय सांगू."

ईश्वरी बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या हातात पट्टा होता. तिनं 'हो' म्हटलं नाही. फक्त पट्टा खालून सरकवता यावा म्हणून कंबर जराशी उचलली.

जन्मभर मोटारींची बटणं दाबलेल्या माणसाला ते बटण काही जड नव्हतं. पट्टा थरथरला, त्यानं बाळाचं डोकं शोधलं, ते खाली सापडलं, आणि बिचाऱ्या यंत्राला वाटलं की आपलीच हाक ऐकून आलंय. हिरवा दिवा लागला. मॅडम परत आल्या तेव्हा पट्टा पिशवीत होता आणि उमाकांत पोरीच्या पोटावरचं तेल पंच्यानं पुसत होता.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली, गोरीगोमटी, जावळ भरपूर. विहीणबाई स्वतः आल्या, बाळाला मांडीवर घेतलं आणि रडल्या. नाव सई ठेवलं. सईचे कान कुणी तपासले नाहीत, कारण ती वळलेली होती. ईश्वरीनं एकदा डॉक्टरला विचारायला तोंड उघडलं, पण शेजारी सासू होती, आणि काय सांगून विचारायचं हे तिला सुचलं नाही. बारशाला बिडवे मॅडम आल्या. घुगऱ्या खाता खाता त्यांनी उमाकांतला बाजूला घेतलं. "कान तपासून घेतले ना रे?"

"घेतले की मॅडम," उमाकांत म्हणाला. "एकदम चांगले हायेत."

मॅडमचा त्याच्यावर विश्वास होता. ज्याच्यापुढे आपण पालथं पडतो, त्याच्यावर माणूस अविश्वास ठेवत नाही.

सई फार शहाणं बाळ निघाली. मिक्सर लागला तरी झोपायची, कुकर वाजला तरी झोपायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, असं गुणी लेकरू बघितलं नाही. फोनवर उमाकांतचा चेहरा दिसला की खुदकन हसायची. ती उशिरा बसायला लागली, बसली की कलंडायची. बाळसेदार पोरं अशीच असतात, विहीणबाई म्हणाल्या. अजून काही बोलत नाही, तर आमचा शार्दूलही उशिराच बोलला. प्रत्येक गोष्टीला घरात एक उत्तर तयार होतं. ईश्वरी आणि उमाकांत दोघं फोनवर रोज बोलायची, पण कानाचा विषय निघायचा नाही. तो निघू नये म्हणूनच जणू इतकं बोलायची.

दिवाळीला सगळी उदगीरला आली. सई आठ महिन्यांची होती. ओट्यावर उमाकांतच्या समोर, उशांना टेकून बसली होती. समोरच्या गल्लीत पोरांनी लवंगी माळ लावली आणि उमाकांतचे हात सवयीनं कानांवर गेले. सईनं त्याच्याकडे बघितलं, आणि तिनंही आपले चिमुकले हात कानांवर नेले. मग हसली. माळ पुन्हा वाजली, उमाकांतनं कान झाकले, सईनं झाकले. घरभर हसाहशी झाली. "आजोबाचीच नात," सुरेखा म्हणाली, आणि शार्दूलनं त्याचा व्हिडिओ काढला.

उमाकांत उठून मागच्या अंगणात गेला आणि भिंतीला टेकून एकटाच रडला. आनंदानं रडला. आठ महिने छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता. परत आल्यावर त्यानं ईश्वरीकडे बघितलं, तर तिचेही डोळे भरलेले. त्या रात्री दोघं पोटभर जेवली. औषधाचं वर्ष संपायला तेव्हा चार महिने बाकी होते.

मे महिन्यात ईश्वरी पुन्हा माहेरी आली. सव्वा वर्षाची सई आता धरून धरून उभी राहायची, सोडलं की धपकन बसायची. बोलत नव्हती. दुपार कलली तशी बिदरच्या बाजूनं आभाळ काळं झालं. पाऊस नव्हता, नुसतं कोरडं कडाडणं. सई दुकानामागच्या अंगणात मोटारीच्या रिकाम्या प्लास्टिकच्या रिळांची उतरंड रचत बसली होती, घराकडे पाठ करून. उमाकांत दारात आला. लेकराला आत घ्यावं म्हणून पायरी उतरला, तेवढ्यात चौकातल्या टॉवरवर वीज पडली.

आवाज असा झाला की खिडक्यांची तावदानं थरथरली. बाकड्याखालचं कुत्रं केकाटत पळालं. स्वयंपाकघरात सुरेखाच्या हातून पातेलं पडलं. उमाकांतचे हात कानांवर गेले होते. सईनं एका रिळावर दुसरं रीळ ठेवलं. ते पडलं नाही म्हणून तिला बरं वाटलं असावं, कारण तिनं तिसरं उचललं.

तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

उमाकांत तसाच उभा राहिला. मग जाऊन तिच्या पुढ्यात मातीवर बसला. सईला आजोबा दिसले, ती हसली. आभाळ पुन्हा गडगडलं, त्याचे हात वर गेले, आणि तिनंही लगेच रिळं टाकून कान झाकले. दिवाळीत झाकले होते तसेच. खेळ तिला पाठ होता.

"अप्पा, तिला आत घ्या," ईश्वरी दारातून म्हणाली. बाप जागचा हलेना म्हणून ती पुढं आली, आणि त्याचा चेहरा बघून तिथंच थांबली.

उमाकांतनं दोन्ही हात खाली घेतले आणि मांड्यांवर ठेवले. जन्मात पहिल्यांदा त्यानं ते तिथं दाबून धरले. समोर आभाळात पांढरी रेघ उमटली. त्यानं दम धरला. आवाज आला, आधी लांबून, मग डोक्यावरून, मग सगळीकडून, आणि त्याचे हात कानांकडे जायला धडपडत होते, पण त्यानं ते उचलले नाहीत. ईश्वरीनं तोंडावर पदर दाबला होता.

सई कान झाकत नव्हती. ती आजोबांच्या हातांकडे बघत होती. ते वर कधी जातात याची वाट बघत, आपले हात तयार ठेवून, ती शहाण्यासारखी बसून राहिली.